पाच हजारांची खूण

सकाळी आठला तो कचेरीच्या गच्चीवर आला, सवयीने पश्चिमेकडे पाहिलं, आणि कारखान्याची चिमणी जागेवर नव्हती. त्याने पुन्हा पाहिलं. खाली जमिनीलगत पांढरं धुकं, धुक्यातून कमरेपर्यंत वर आलेली निलगिरीच्या झाडांची रांग, आणि रांगेच्या उजव्या टोकाला, जिथे त्याच्या जन्माच्याही आधीपासून कौलांच्या कारखान्याची ती उंच विटांची चिमणी उभी होती, तिथे नुसतं आभाळ. चांगलं निळं, धुऊन वाळत घातल्यासारखं. त्याने हातातली पेन्सिल कानावर अडकवली, खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, रुमालाची घडी घातली, ती खिशात ठेवली, आणि मग आपल्याला काही घाई नाही अशा थाटात तिसऱ्यांदा पाहिलं. नव्हती. साडेसातपर्यंत धुकंच इतकं दाट होतं की जवळच्या खुणाही दिसत नव्हत्या, त्यामुळे चिमणीचा प्रश्न आला नव्हता. आता धुकं खाली बसलं होतं. अशा सकाळी चिमणी धुक्यातून वर अशी काही निघायची की लहान पोरालाही बोट करून दाखवता यावी.

हवामान खात्याच्या निरीक्षकाला एखाद्या सकाळी चिमणी दिसली नाही तर त्याने एवढं घाबरून जायचं काय कारण, असं कुणाच्याही मनात येईल. पण त्याची नोकरीच मुळी ती होती. दर अर्ध्या तासाने गच्चीवर यायचं, वारा कुठून येतोय ते पाहायचं, ढगांचा अंदाज घ्यायचा, आणि किती लांबचं दिसतंय ते विमानतळाच्या टॉवरला सांगायचं. लांबचं मोजणारं यंत्र यायचं होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्यासाठी चौथराही बांधून झाला होता आणि झाडूवाली बाई त्या चौथऱ्यावर आपली फडकी वाळत घालायची. तोवर काम खुणांवर चालायचं. खालच्या खोलीत भिंतीवर तक्ता टांगलेला होता. वाऱ्याची नारिंगी कापडी पिशवी पाचशे मीटर, बसथांब्यामागचा मोबाइलचा मनोरा दोन हजार, निलगिरीची रांग चार हजार, कारखान्याची चिमणी पाच हजार. जी खूण दिसली तिचा आकडा सांगायचा, दिसली नाही तिचा सांगायचा नाही. एवढंच शास्त्र. दक्षिणेला सहा हजारांवर एक पाण्याची टाकीही होती, पण विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला तेव्हा नवीन हॉल नेमका टाकीच्या आड बांधला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या गच्चीवरून लांबची म्हणावी अशी चिमणीच काय ती उरली. शनिवारी परदेशातून येणाऱ्या मोठ्या विमानाला उतरायला पाच हजार मीटर दिसावं लागे. चार हजार नऊशे चालत नसत. म्हणजे चिमणी दिसली तर विमान उतरणार, नाही दिसली तर तीनशे किलोमीटर लांबच्या मोठ्या शहरात जाणार, आणि माणसं तिथून बसने सात-आठ तास हाडं खिळखिळी करून घेत घरी येणार.

आज शनिवार होता. आणि आजच्या विमानात त्याची मुलगी होती. तीन वर्षांनी येत होती, आणि तिच्या मांडीवर पाच महिन्यांची एक बाई होती, जिला त्याने अजून फोनच्या काचेतच पाहिलं होतं.

हा विमानतळ म्हणजे पूर्वी मुरमाची एक पट्टी होती. आठवड्यातून दोनदा अठरा खुर्च्यांचं विमान यायचं आणि त्याआधी एक शिपाई सायकलवरून पट्टीभर फिरून शेळ्या हाकलायचा. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की या सगळ्या टापूतली अर्धी घरं परदेशावर चालतात. इथल्या नर्सेस, वेल्डर, गवंडी, स्वयंपाकी आधी दीड दिवस प्रवास करून मोठ्या शहरात जात आणि तिथून उडत. हॉल बांधला गेला, शिक्के मारणाऱ्यांची दोन टेबलं आली, सामान हुंगणारा एक कुत्रा आला, जो बहुतेक वेळ टेबलाखाली झोपलेला असे, आणि दारावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द इतका मोठा लागला की त्याखालचं दार बिचारं चोरून आत शिरल्यासारखं दिसू लागलं. आठवड्यातून एकच परदेशी विमान, पण त्याने सगळा टापू आपल्या मुठीत घेतला. पंधरा मिनिटांत पासपोर्टचे फोटो काढून देणारी चार दुकानं निघाली. मोडक्या बॅगांना चाकं बसवणारा शिंपी इतका पुढे गेला की त्याने कपडे शिवणं सोडून दिलं. घराघरात बॅग टांगून वजन बघायचा आकडा आला. लग्नं शनिवार बघून ठरू लागली, कारण नवरदेव शनिवारीच यायचा आणि पुढच्या-पुढच्या शनिवारी जायचाही. शनिवारी सकाळी हॉलच्या कठड्याशी उभं राहिलं की त्याला आपल्या टापूतली झाडून सारी माणसं एका जागी दिसत, अर्धी रडणारी आणि अर्धी हसणारी, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यात अदलाबदल झालेली. या सगळ्यांच्या येण्याजाण्याला आपल्या दोन डोळ्यांचा आधार आहे ही गोष्ट त्याने कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण रोज सायकल स्टँडला लावताना ती मनात येऊन जायची, आणि छातीत बरं वाटायचं.

डोळे त्याचे होतेच तसे. विमानतळावर सगळे त्याला दुर्बीण म्हणत. धावपट्टीच्या पार टोकाला गवतात बसलेली एक शेळी एकदा टॉवरला खऱ्या दुर्बिणीतून दिसली नव्हती, ती त्याने या गच्चीवरून नुसती पाहिलीच नाही, तर गाभण आहे म्हणून सांगितलं होतं. शेळी खरंच गाभण निघाली. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. सत्तावन्न वर्षांचा झाला तरी दरवर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी शेवटची ओळ दाखवायच्या आत तो ती म्हणून मोकळा व्हायचा. पुढच्या गुरुवारी यंदाची तपासणी होती. हे आठवलं. त्याने डावा डोळा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं. मोबाइलचा मनोरा स्वच्छ, त्याची शिडीसुद्धा. निलगिरीच्या फांद्या स्वच्छ. फक्त चिमणी नाही. सगळंच अंधुक झालं असतं तर धुकं म्हणून सोडून देता आलं असतं. पण सगळं जिथल्या तिथे ठेवून मधला एक तुकडा कुणी काढून न्यावा, हे त्याने पाहिलं होतं. आईचं असंच झालं होतं. शेवटच्या वर्षांत तिला समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा झाला. चेहऱ्याच्या भोवतीचं सगळं दिसायचं, कान, कानातलं, खांद्यावरचा पदर, मागची भिंत, भिंतीवरची पाल. नेमका चेहरा गायब. ‘तू कोण रे?’ ती त्याच्या कानाकडे बघत विचारायची, आणि तो बोलला की ‘अगंबाई, तूच होय,’ म्हणून हसायची. तिला त्याची फार गंमत वाटायची. ‘मधेच भोक पडलंय बघ,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगायची. डॉक्टर म्हणाले होते की हे कधीकधी घराण्यात उतरतं. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता कठड्यावर दोन्ही हात टेकून तो आभाळातल्या त्या जागेकडे पाहत राहिला, आणि त्याला वाटलं, हे भोक तिथे नाही, इथे आहे, आपल्या डोळ्यात, आणि आज ते चिमणीएवढं आहे.

तो खोलीत उतरला आणि त्याने रजिस्टर उघडलं. दोन दिवस तो रजेवर होता. बायकोला घेऊन मेहुणीच्या गावी गेला होता, नातीसाठी पाळणा आणायला, आणि पाळण्याची एक कडी हरवलेली असल्याने ती शोधण्यात सगळी दुपार गेली होती. काल रात्री उशिरा परतीच्या बसमधून उतरला तो थेट अंथरुणावर पडला. कालचं काम त्याच्या जोडीदाराने केलं होतं. जोडीदाराला सगळे डुलकी म्हणत, आणि ते नाव का पडलं असावं हे वेगळं सांगायला नको. डुलकीच्या तिरक्या अक्षरात काल संध्याकाळी साडेपाचची नोंद होती: पाच हजार, चिमणी स्पष्ट. चारची: पाच हजार, चिमणी स्पष्ट. म्हणजे चिमणी होती. काल संध्याकाळी होती, डुलकीसारख्या माणसाला, ज्याला समोरचा चहाचा कप दिसत नाही, त्याला स्पष्ट दिसली होती. आता शंकेला जागा उरली नाही. सकाळी फाटकावरचा पहारेकरी म्हणाला होता, ‘काका, काल तुमची मजा हुकली,’ आणि त्याला वाटलं होतं की कुणाचा तरी निरोपसमारंभ झाला असेल.

चिमणी दिसत नाही म्हणजे काय, हे त्याच्या डोक्यात नीट शिरेना. लहानपणी बाजारात हात सुटून तो हरवला होता. तेव्हा तो रडला नव्हता, कारण वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘हरवलास तर वर बघायचं, चिमणी दिसेल, तिच्याकडे चालत सुटायचं, मी खालीच आहे.’ वडील भट्टीवर होते. तो गर्दीतून मान वर करून चालत राहिला, दोनदा माणसांवर आदळला, एकदा टोपल्यांवर, आणि कारखान्याच्या दारात पोचला तेव्हा वडील घाम पुसत बाहेरच उभे होते. ते रागावलेही नाहीत. ‘आलास?’ एवढंच म्हणाले, जणू त्याला शेजारच्या खोलीतून बोलावलं होतं. कारखाना बंद पडून आता वीस वर्षं झाली. चिमणी पाडणार, विमानांना तिचा अडथळा होतो, असं बारा वर्षं ऐकू येत होतं. इतकं ऐकू येत होतं की ती कायमची राहणार याबद्दल सगळ्यांची खात्री पटली होती. मुलगी तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हा याच गच्चीवरून त्याने विमान चिमणीला डावी घालून वर जाताना पाहिलं होतं. त्यानंतर तो जिना उतरला होता, तोंड धुतलं होतं आणि नोंद केली होती: पाच हजार, चिमणी स्पष्ट. ती नोंद त्याला अजून पाठ होती.

फोन वाजला. टॉवरमधल्या बाई. नऊ वर्षं त्या रोज फोन करत होत्या आणि नऊ वर्षांत त्यांनी कामापलीकडे एक शब्द जादा खर्च केलेला नव्हता.

‘काका, विमान आलंय जवळ. व्हिजिबिलिटी किती?’

खरं म्हणजे सांगायचं सोपं होतं. चार हजार. झाडं दिसतायत, पुढचं दिसत नाही. पण चार हजार म्हटलं की विमान मोठ्या शहराकडे वळणार, पाच महिन्यांचं पोर बसमध्ये आठ तास हेलपाटणार, आणि टॉवरवाल्या बाई म्हणणार, आज तर स्वच्छ दिसतंय काका, चार कसं? आणि मग गुरुवार. मग कुठल्या तरी लांबच्या कचेरीत फायलींचं टेबल. मग आईसारखं लोकांच्या कानाकडे बघत बोलणं. हे सगळं त्याच्या मनातून एका क्षणात गेलं, किंवा गेलंही नसेल. नंतर विचार करताना त्याला एवढंच आठवत होतं की तोंड उघडलं आणि आतून आवाज आला.

‘पाच हजार.’

पलीकडून प्रश्न आला, ‘कशावरून?’

असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ‘चिमणी दिसतेय ना.’

‘चिमणी दिसतेय?’

‘स्पष्ट.’

‘बरं,’ बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याने रजिस्टरात लिहिलं: पाच हजार, चिमणी स्पष्ट. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. हात तरी कापायला हवा होता. एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून जे नाही ते आहे असं एकदाही लिहिलं नव्हतं. धुक्यात, धुळीत, वणव्याच्या धुरात, वरिष्ठ फोनवर गोड बोलत असतानाही, दिसत नाही म्हणजे नाही. मागच्या हिवाळ्यात तीन शनिवार विमान परत पाठवावं लागलं तेव्हा बॅगवाल्या शिंप्याने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तरी नाही. आणि आज ‘दिसतेय’ म्हटलं असतं तरी भागलं असतं, वर ‘स्पष्ट’ म्हणायची काय गरज होती? कुणी मागितलं होतं का स्पष्ट? तो पुन्हा गच्चीवर गेला. आता चिमणी दिसेल, या घटकेला दिसेल, अशी त्याला वेडी आशा होती. बोललो तर आहे, आता तिनेही थोडी लाज राखावी. आभाळ तसंच होतं. आणि मग आवाज आला. मोठ्या विमानाचा आवाज जिन्याच्या लोखंडी पायऱ्यांना आधी कळतो, त्या बारीक थरथरू लागतात. पूर्वेकडून विमान दिसलं, पांढरं, पोट जड झालेलं, चाकं बाहेर काढलेलं. आता उतरेल म्हणून तो बघत राहिला, आणि ते उतरलं नाही. त्याने नाक वर केलं, चाकं पोटात घेतली, आणि डोक्यावरून गडगडत निघून गेलं.

का? पायलटला धावपट्टी दिसली नसेल. म्हणजे तिकडे खरंच धुकं असेल, आपल्याला दिसत नाही एवढं पातळ, पण वरून दाट. म्हणजे कदाचित डोळे ठीक असतील आणि हवाच वाईट असेल. किंवा दोन्ही वाईट असतील. काहीही असलं तरी दीडशे माणसं त्याच्या एका शब्दावर खाली यायला निघाली होती आणि तो शब्द त्याने खिशातून सुटे काढून द्यावे तसा दिला होता. आणि त्या दीडशेत कोण होतं? बसचे आठ तास वाचवायला त्याने तिला कुठे उतरवायचं ठरवलं होतं? विमान लांब वळण घेत होतं. वळण पूर्ण व्हायला सहा मिनिटं, सात. तो जिन्यावरून उतरला म्हणण्यापेक्षा पडला म्हणणं बरोबर ठरेल. गुडघा कठड्यावर आपटला. टॉवरचा नंबर फिरवताना त्याला आपलं बोट, नंबर, फोनची तार, सगळं अगदी कोरल्यासारखं दिसत होतं.

‘मॅडम, मी मघाशी खोटं सांगितलं,’ तो म्हणाला. ‘चिमणी मला दिसत नाहीय. चार हजार धरा. विमान मोठ्या शहरात पाठवा.’

‘काका...’

‘माझे डोळे गेलेत. त्यात माझी मुलगी आहे, म्हणून बोललो. नात आहे, पाच महिन्यांची. पाठवा त्यांना तिकडे. बसने येतील. काही होत नाही.’

‘काका, जरा ऐका.’

‘चौकशी बसवा. मी सही करतो.’

‘काका, चिमणी काल पाडली.’

खोलीतलं घड्याळ एकदम मोठ्याने वाजतंय असं त्याला वाटलं.

‘काल दुपारी तीनला,’ बाई म्हणाल्या. ‘सुरुंग लावून. सगळं गाव गच्चीवर चढलं होतं बघायला. तुम्ही होता कुठे?’

‘मेहुणीकडे. पाळणा आणायला.’

‘आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही?’

‘नाही.’ आणि कोण सांगणार? ज्याचा अर्धा जन्म चिमणीकडे बघण्यात गेला त्याला चिमणी पडली म्हणून कुणी सांगायचं? पत्र बांधकाम विभागाला आलं असणार. हवामान खातं वेगळं, त्यांचा कागद वेगळा.

पलीकडून एक चमत्कारिक आवाज आला. त्याला आधी कळेना. मग कळलं की बाई हसतायत. नऊ वर्षांत त्याने तो आवाज ऐकला नव्हता. खिंकाळल्यासारखं हसत होत्या बिचाऱ्या, सवय नसल्यासारखं. पण ते हसू लगेच आवरलं, आणि आवाज पुन्हा इस्त्री केल्यासारखा कडक झाला.

‘पाडलेली चिमणी ज्याला स्पष्ट दिसते त्याच्या शब्दावर मी विमान उतरवत नाही. फेरी मारायला मीच लावलंय. आता वर जा. जे दिसतंय तेवढंच सांगा, एक काडी जास्त नको. मी मोबाइलवर फोन करते.’

तो वर गेला. गुडघा ठणकत होता. मोबाइल कानाला लावून त्याने पश्चिमेकडे तोंड केलं आणि सांगू लागला. जमिनीवर धुकं आहे, पातळ, माणसाच्या छातीएवढं. मोबाइलचा मनोरा दिसतोय, शिडी दिसतेय, तिसऱ्या पायरीला कुणीतरी दोरी बांधून ठेवलीय. निलगिरी दिसतायत, एकेक फांदी वेगळी. मधल्या दोन झाडांमध्ये एक पतंग अडकलाय, निळा. झाडांच्या वर काही नाही. आभाळ आहे. चिमणी नाही. हे शेवटचं बोलताना त्याला हसू येत होतं. आईसारखं. नाही, तर नाही. तिथे काही नाही, आणि तिथे काही नाही हे त्याला दिसत होतं, आणि बरोबर दिसत होतं. आपले डोळे आपल्याशी इतकी वर्षं प्रामाणिक राहिले, फसवलं ते आपण त्यांना, असं वाटून त्याने कुणाची तरी माफी मागावी तशी पापणी बोटाने दाबली.

‘मला इथून, हॉलच्या वरून, दक्षिणेची टाकी दिसतेय, सहा हजार,’ बाई म्हणाल्या. ‘तुमची झाडं चार. पश्चिमेला आडवं काही नाही. उतरवते. आणि काका, तुमचा पहिला फोन मी लिहिणार आहे.’

‘लिहा.’

‘दुसराही लिहिणार आहे,’ त्या म्हणाल्या आणि नेहमीसारखा धाडकन फोन ठेवला.

तो खाली आला. रजिस्टरातल्या आपल्या ओळीवर त्याने पट्टी ठेवून सरळ एक रेघ मारली, वाचता येईल अशी, नियमाप्रमाणे, आणि पुढे लिहिलं: खूण नष्ट, निरीक्षकाने न पाहता लिहिलं. खाली सही केली. मग त्याची नजर आदल्या पानावर गेली. काल चार वाजता: चिमणी स्पष्ट. काल साडेपाच वाजता: चिमणी स्पष्ट. तीनला गावभर धुरळा उडाला, खिडक्यांची तावदानं हादरली, आणि त्यानंतर अडीच तास डुलकीला चिमणी दिसत होती. स्पष्ट. तो एकटाच खुर्चीत बसून हसू लागला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. डुलकीच्या ओळींना त्याने हातही लावला नाही. पुढचे दोन महिने चहा डुलकीनेच पाजायचा होता. खिडकीबाहेर विमान उतरलं. चाकं टेकताना जो एक निळसर धूर निघतो तो त्याने पाहिला, आणि साडेआठची नोंद करून तो हॉलकडे निघाला.

हॉलमध्ये नेहमीचा शनिवार होता. बायको कठड्याच्या अगदी पुढे, सगळ्यांना कोपरांनी मागे सारून उभी होती. ‘इतका वेळ का लावला हो त्या विमानाने?’ तिने विचारलं. ‘वर काय गोंधळ चाललेला असतो तुमचा?’ घरी गेल्यावर सगळं सांगायचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, असं त्याने जिन्यातच ठरवलं होतं. आता पुन्हा खोटं म्हणून नाही. कानाला खडा. शिक्क्यांच्या टेबलांपलीकडून माणसं यायला लागली, मोठमोठ्या बॅगा ढकलत, कठड्याकडे बघत, आपला चेहरा शोधत. आणि मग मुलगी आली. बारीक झाली होती, की केस कापले होते म्हणून तशी दिसत होती. खांद्यावर पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं, आणि त्यातून एक लाल मूठ बाहेर आलेली होती. बायको रडायला लागली. त्याने हात पुढे केले.

‘बाबा, चिमणी कुठे गेली?’ मुलगी म्हणाली. कशी आहेस नाही, कसे आहात नाही.

‘काल पाडली.’

‘अहो, मग सांगायचं तरी! विमानात काय झालं माहितीय? उतरायच्या वेळी सगळे डाव्या खिडकीशी. चिमणी दिसली की घर आलं, हे ठरलेलंच ना. तर चिमणीच नाही. आणि त्यात विमान पुन्हा वर गेलं. एक स्वयंपाकी उभाच राहिला, म्हणे पायलट चुकला, हा आपला गाव नव्हेच. पाचसहा जण त्याच्याबरोबर उठले. ती हवाईसुंदरी नुसती बसा बसा करतेय. माझ्या शेजारी एक आजी होत्या, मुलाकडे राहून आलेल्या. त्यांना नीट दिसत नाही. माझं मनगट असं घट्ट धरलेलं आणि सारखं एकच, आली का गं चिमणी, आली का गं चिमणी.’

‘मग तू काय सांगितलंस?’

‘काय सांगणार? म्हटलं, आली आजी, ती काय. स्पष्ट दिसतेय.’

त्याने तिच्याकडे पाहिलं. ‘स्पष्ट म्हणालीस?’

‘हो. नुसतं दिसतेय म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं.’

रागवावं असं काहीतरी होतं यात, किंवा बसवून समजावून सांगावं असं. आपण अर्ध्या तासापूर्वी काय काय भोगलं ते सांगावं, की या शब्दाच्या नादी लागू नकोस बाई, तो फार जड असतो. पण तिने तोवर ते पिवळं गाठोडं त्याच्या हातात दिलं होतं, आणि ते अजिबात जड नव्हतं. नात त्याच्याकडे बघत होती. भुवया, नाक, खालच्या ओठावर सुकलेला दुधाचा थेंब, सगळं त्याला दिसत होतं, आणि मधोमध चेहरा होता. तो चेहऱ्याकडे बघत राहिला. एवढ्यात चाकाच्या खुर्चीतून एका म्हातारबाईंना कुणीतरी ढकलत आणलं, आणि मुलीचा आवाज ऐकून त्या ‘थांब थांब’ म्हणत त्याच्यापाशी थांबल्या. त्यांनी त्याची बाही चाचपून पकडली.

‘ही मुलगी तुमच्यातली का हो?’ त्या म्हणाल्या. ‘काय डोळे आहेत पोरीचे! अख्ख्या विमानात चिमणी एकालाही दिसली नाही, हिला एकटीला दिसली. माझा जीव भांड्यात पडला बघा. कुणाची ही?’

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे हसत होते.

‘माझी,’ तो म्हणाला. ‘माझीच मुलगी आहे.’